लिनक्सवर वाइनची जुनी आवृत्ती बसविताना

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आली. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ची सोय ज्यांत नाही, असे धडधाकट संगणक भंगारात न घालता त्यांवर उबुंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी एखादी लिनक्स प्रणाली घालून ते वापरात ठेवण्याचा मार्ग ज्यांनी पत्करला, त्यांत आपल्याकडील छपाईचे आणि डीटीपीचे काम करणारी मंडळीही आहेत. त्यांची अडचण इतरांहून थोडी निराळी आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि दिवाळी अंकांची पाने असे वर्षानुवर्षांचे त्यांचे दप्तर पेजमेकरच्या फायलींत आणि श्रीलिपी, आकृती यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत साठलेले असते, आणि २००१ साली आलेल्या पेजमेकर ७.० नंतर त्या सॉफ्टवेअरची पुढची मोठी आवृत्ती निघालीच नाही. असले जुने विंडोज-प्रोग्रॅम लिनक्सवर चालविण्यासाठी वाइन हे सॉफ्टवेअर वापरतात. मात्र वाइनची अगदी ताजी आवृत्ती बसविल्यावर, काल चालणारा प्रोग्रॅम आज उघडतच नाही, किंवा उघडला तरी त्याच्या खिडक्या कोऱ्या दिसतात, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. अशा वेळी जुनी आवृत्ती कशी आणावी, ती आणण्यापूर्वी कशाकशाची खातरजमा करावी आणि ती नांदवावी कशी, याचा तपशीलवार विचार येथे करावयाचा आहे.

विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम फाइल उघडताना, खिडकी रेखाटताना किंवा प्रिंटरकडे मजकूर पाठविताना विंडोजकडे ज्या ज्या सेवा मागतो, त्या प्रत्येक मागणीचा अर्थ लावून ती लिनक्सकरवी पुरी करून घेणे, हे वाइनचे कार्य. १९९३ साली सुरू झालेला हा उद्योग १९९४ पासून अलेक्झांद्र जुलियार यांच्या नेतृत्वाखाली अव्याहत चालू आहे. त्याची १.० ही पहिली स्थिर आवृत्ती १७ जून २००८ रोजी, म्हणजे आरंभानंतर पंधरा वर्षांनी, प्रसिद्ध झाली, आणि २०१७ च्या २.० पासून दर वर्षी जानेवारीत एक नवी स्थिर आवृत्ती देण्याचा प्रघात पडला. मधल्या काळात साधारण दर पंधरवड्याला डेव्हलपमेंट शाखेची एक आवृत्ती निघत असते. आता, विंडोजचे जे वर्तन मायक्रोसॉफ्टने कागदोपत्री नमूद केले आहे तेवढेच जुळविणे वाइनला पुरत नाही. कोठेही नमूद नसलेल्या ज्या लकबींवर जुने प्रोग्रॅम विसंबून राहिलेले असतात, त्याही जुळवाव्या लागतात. एका प्रोग्रॅमसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या मुळावर येते ती यामुळेच. शिवाय ८.० पर्यंत वाइनच्या अंतर्गत रचनेचे जे मोठे स्थलांतर पूर्ण झाले, तशा उलथापालथीत एखाद्या वीस वर्षांच्या प्रोग्रॅमची सोय बिघडली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. म्हणून जुनी आवृत्ती वापरणे म्हणजे मागासपणा, असा समज कोणी करून घेऊ नये.

तथापि प्रत्येक बिघाडाचे खापर नव्या आवृत्तीवर फोडणेही न्याय्य होणार नाही. अनेकदा दोष असतो तो कित्येक वर्षे वापरात असलेल्या आणि नाना प्रोग्रॅम घालून-काढून मळलेल्या वाइनच्या फोल्डरात. म्हणून सर्वप्रथम त्याच नव्या आवृत्तीत एक कोरे प्रीफिक्स तयार करून (प्रीफिक्स म्हणजे वाइनने उभे केलेले विंडोजचे खोटे घर, त्याविषयी पुढे सविस्तर येईलच) त्यात मूळ सीडीवरून प्रोग्रॅम नव्याने बसवून पाहावा. त्याने काम भागले नाही, तर वाइन-कॉन्फिगरेशनच्या खिडकीत जाऊन त्या एका प्रोग्रॅमपुरते विंडोजचे सोंग बदलावे, म्हणजे विंडोज १० ऐवजी विंडोज ७ किंवा एक्सपी निवडावे. हे दोन्ही उपाय निष्फळ ठरले, तरच जुन्या आवृत्तीकडे वळावे.

आणि वळावे ते कोणत्या आवृत्तीकडे, हे आधी मुक्रर करून घ्यावे. पूर्वी प्रोग्रॅम चालत असेल, तर त्या वेळची आवृत्ती कोणती होती, हे जुन्या संगणकावर किंवा जुन्या बॅकअपमध्ये शोधावे. वाइन-कॉन्फिगरेशनच्या शेवटच्या 'अबाउट' पानावर ती स्पष्ट लिहिलेली असते. पूर्वानुभव नसेल, तर वाइन प्रकल्पाच्या प्रोग्रॅम-सूचीत, जिला अ‍ॅपडीबी म्हणतात, आपल्या प्रोग्रॅमची नोंद पाहावी. तेथे प्लॅटिनमपासून गार्बेजपर्यंतचे शेरे असतात. परंतु शेऱ्याइतकेच लक्ष त्याच्या शेजारील वाइनच्या क्रमांकाकडे आणि तारखेकडे द्यावे, कारण सुवर्णाचा शेरा दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर मिळालेला असेल, तर आपल्याला हवा असलेला दाखला तो क्रमांक हाच होय.

दोन स्थिर आवृत्त्यांच्या दरम्यान नेमके कोठे बिघडले हे शोधावयाचे असेल, तर एकेक पायरी उतरत बसू नये. ९.० नंतर डेव्हलपमेंट शाखेत ९.१ पासून ९.२२ पर्यंत बावीस आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या मधोमध ९.११ घ्यावी, ती चालली तर वरच्या अर्ध्यात आणि न चालली तर खालच्या अर्ध्यात शोध घ्यावा, असे निम्मे-निम्मे करीत गेले असता फार तर पाच चाचण्यांत दोषाचा क्रमांक हाती लागतो. हे श्रम वाया जात नाहीत. त्यांचा उपयोग पुढे सांगणार आहे.

आता या सर्व व्यवहारातील जोखमीच्या भागाकडे, म्हणजे प्रीफिक्सकडे, वळू. वापरकर्त्याच्या होम फोल्डरात 'डॉट वाइन' या नावाचे एक लपलेले फोल्डर असते. फाइल-व्यवस्थापकात कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की ते दिसू लागते. त्याच्या आत 'ड्राइव्ह सी' नावाचे फोल्डर, म्हणजे विंडोजची सी ड्राइव्ह, 'डॉसडिव्हायसेस' नावाचे दुसरे फोल्डर, आणि 'सिस्टिम डॉट रेग', 'यूजर डॉट रेग' या नावांच्या, विंडोजची रजिस्ट्री साध्या मजकुरात ठेवणाऱ्या फायली आढळतात. वाइनची नवी आवृत्ती हे घर पहिल्यांदा उघडते तेव्हा 'कॉन्फिगरेशन अद्ययावत होत आहे' अशा आशयाची एक छोटी खिडकी क्षणभर दिसते आणि त्या क्षणात आतील व्यवस्था नव्या धाटणीची होऊन जाते. पुढे जाण्याची ही सोय वाइनमध्ये आहे, मागे येण्याची नाही. नव्या आवृत्तीने एकदा हाताळलेले प्रीफिक्स जुन्या आवृत्तीच्या हवाली केले, तर कधी ते चालल्यासारखे दिसते आणि कधी अशा चमत्कारिक रीतीने मोडते, की मूळ दोष कोणता आणि आपण निर्माण केलेला कोणता, याचा निवाडा करणे अशक्य होते. यास्तव एक नियम कटाक्षाने पाळावा: जुन्या आवृत्तीला नेहमी स्वतःचे, तिनेच निर्माण केलेले, वेगळे प्रीफिक्स द्यावे. त्यासाठी 'वाइनप्रीफिक्स' या नावाच्या पर्यावरण-चलात नव्या फोल्डराचा मार्ग लिहून मग वाइन सुरू करावी लागते.

जुन्या प्रीफिक्सची प्रत ठेवतानाही सावधगिरी हवी. 'डॉसडिव्हायसेस' फोल्डरात झेड या अक्षराची जी ड्राइव्ह असते, ती संपूर्ण लिनक्स-डिस्कच्या मुळाकडे जाणारी केवळ एक दुवा-फाइल असते. दुव्यामागची वस्तूही उचलणाऱ्या एखाद्या साधनाने प्रत काढू लागलात, तर ते सारी डिस्कच नकलून घेऊ लागेल. 'टार' या आज्ञेने गठ्ठा बांधला असता दुवा दुवाच राहतो, म्हणून तीच रीत श्रेयस्कर. विंडोजच्या 'माय डॉक्युमेंट्स'चीही अशीच गत असते. वाइनमध्ये तो बहुधा आपल्या होम फोल्डरातील डॉक्युमेंट्सकडे जाणारा दुवा असतो. तेथे ठेवलेले काम प्रीफिक्सच्या गठ्ठ्यात येत नाही, तेव्हा त्याचा बंदोबस्त वेगळा करावा. उलट पेजमेकरसारखे प्रोग्रॅम जे नमुने आणि टंक 'ड्राइव्ह सी'च्या आत ठेवतात, ते गठ्ठ्यात येतात.

इतकी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष प्रतिष्ठापनेस हात घालावा. पहिली चौकशी आपल्याच लिनक्सच्या भांडारात करावी, कारण पुष्कळदा हवी ती जुनी आवृत्ती तेथेच असते. उबुंटू २२.०४ आपल्या भांडारातून वाइन ६.०.३ देते, उबुंटू २४.०४ वाइन ९.० देते, आणि डेबियन १२ वाइन ८.० देते. या क्रमांकांपैकी एखाद्यावर काम भागत असेल, तर बाहेर जाण्याचे प्रयोजनच नाही.

भागत नसेल, तर वाइन प्रकल्पाचे स्वतःचे भांडार, म्हणजे वाइनएचक्यूचे रिपॉझिटरी, आपल्या प्रणालीत नोंदवावे लागते. त्यापूर्वी ६४-बिट प्रणालीला ३२-बिट पॅकेजे स्वीकारण्याची परवानगी 'डीपीकेजी'च्या आज्ञेने द्यावी आणि भांडाराची सही तपासणारी किल्ली आणून ठेवावी. मिंट वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की भांडार नोंदविताना मिंटचे नाव चालत नाही, त्याच्या पायाशी असलेल्या उबुंटूचे नाव द्यावे लागते: मिंट २१ साठी जॅमी, मिंट २२ साठी नोबल. भांडार नोंदवून यादी ताजी केली, की 'एपीटी' या आज्ञेला 'पॉलिसी' हा शब्द आणि पॅकेजाचे नाव जोडून विचारणा करावी. उपलब्ध असलेल्या आवृत्त्यांची यादी उत्तरादाखल समोर येते. त्या यादीतील क्रमांक थोडा लांबलचक असतो: आधी ८.०.२ सारखा वाइनचा आकडा, मग लहरीसारखी टिल्डची खूण, मग जॅमीसारखे उबुंटूचे टोपणनाव, आणि शेवटी आडवी रेघ देऊन बांधणीचा अनुक्रम. मागणी करताना ही ओळ अक्षरशः, एक खूणही न गाळता, उतरवून घ्यावी लागते.

सर्वाधिक लोकांची गाडी अडते ती याच्या पुढच्या पायरीवर. वाइनएचक्यूची स्थिर शाखा एकसंध पॅकेज म्हणून येत नाही. 'वाइनएचक्यू-स्टेबल' हे वरचे पॅकेज 'वाइन-स्टेबल'वर अवलंबून असते, आणि ते पुन्हा 'वाइन-स्टेबल-एएमडी६४' व 'वाइन-स्टेबल-आय३८६' या दोहोंवर. आणि हे अवलंबित्व तंतोतंत त्याच क्रमांकाचे असते. वरच्या एकट्याच पॅकेजाला जुना क्रमांक देऊन मागणी केली, तर बाकीची तिन्ही पॅकेजे नव्या क्रमांकाची येऊ पाहतात आणि अवलंबित्व पुरे होत नसल्याची तक्रार करून एपीटी थांबते. म्हणून चारही नावे, प्रत्येकापुढे बरोबरीचे चिन्ह आणि तोच तो पूर्ण क्रमांक लिहून, एकाच आज्ञेत द्यावीत. टर्मिनलची धास्ती वाटणाऱ्यांनी सिनॅप्टिक हा दृश्य पॅकेज-व्यवस्थापक घ्यावा. त्याच्या 'पॅकेज' मेन्यूत 'फोर्स व्हर्जन' असा पर्याय आहे, त्याने चारही पॅकेजांची आवृत्ती एकेक करून निवडावी आणि मगच सर्वांना एकदम लागू करावे.

आवृत्ती बसली, तरी तिच्यावर कुलूप घातल्यावाचून काम पुरे झाले असे समजू नये, कारण पुढच्याच अद्ययावतीकरणात प्रणाली तिला बिनबोभाट नवी करून टाकील. सिनॅप्टिकमध्ये 'लॉक व्हर्जन' आहे खरे, परंतु ते कुलूप सिनॅप्टिकपुरतेच चालते. एपीटी आणि अपडेट-व्यवस्थापक त्याची दखल घेत नाहीत. म्हणून 'एपीटी-मार्क' आज्ञेला 'होल्ड' हा शब्द जोडून चारही पॅकेजे तेथेच रोखून धरावीत.

काही वेळा हवी असलेली आवृत्ती यादीत दिसतच नाही. याचे कारण सरळ आहे: वाइनएचक्यू प्रत्येक आवृत्ती त्या त्या वेळी प्रचारात असलेल्या उबुंटू-डेबियनसाठी बांधते, तेव्हा २०१८ सालची वाइन २०२४ सालच्या उबुंटूसाठी बांधलेली मिळणे शक्य नाही. मग काहीजण जुन्या उबुंटूचे भांडार नव्या प्रणालीत जोडतात; हा मार्ग धोक्याचा आहे, कारण वाइनबरोबर तिला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचाही प्रश्न उद्भवतो. लायब्रऱ्यांच्या अडचणीचा एक गाजलेला दाखला आहे. वाइन ५.० ला 'एफऑडिओ' ही ध्वनीची लायब्ररी लागत असे आणि उबुंटू १८.०४ च्या भांडारात ती नव्हतीच. त्यामुळे ती वेगळीकडून आणून आधी बसविल्याशिवाय वाइन बसत नसे. तेथे प्रणाली जुनी आणि वाइन नवी असा प्रकार होता, आपल्याकडे त्याच्या उलट आहे, इतकाच फरक.

अशा वेळी आणि एकंदरीतही मला सर्वांत पसंत असलेली रीत म्हणजे जुनी आवृत्ती प्रणालीत न बसविता तिच्या शेजारी नुसती ठेवणे. वाइनएचक्यूची पॅकेजे मुळातच 'ऑप्ट' या फोल्डराखाली प्रत्येक शाखेच्या वेगळ्या फोल्डरात जातात, त्यामुळे स्थिर शाखेची जुनी आवृत्ती आणि डेव्हलपमेंट शाखेची नवी आवृत्ती एकाच संगणकावर सुखाने राहू शकतात. त्याहीपुढे जाऊन, हव्या त्या आवृत्तीची डेब-फाइल उतरवून ती 'डीपीकेजी-डेब' आज्ञेने आपल्या होम फोल्डरातील एखाद्या जागी केवळ उलगडून ठेवता येते; ६४-बिट व ३२-बिट असे दोन्ही भाग एकाच जागी उलगडावेत. लागणाऱ्या लायब्रऱ्या प्रणालीत असतील, तर तेथील 'बिन' फोल्डरातील वाइन थेट तिच्या पूर्ण मार्गाने चालविता येते. यात प्रणालीच्या दप्तरात काहीच फेरफार होत नाही, कुलुपाची गरज राहत नाही, आणि नको झाल्यावर फोल्डर पुसले की झाले.

मात्र या रीतीत एक गोष्ट नजरेआड होते, आणि तिच्यापायी केलेले सारे श्रम व्यर्थ जातात. वाइनमधून प्रोग्रॅम बसविला, की मेन्यूत त्याचे एक चिन्ह आपोआप तयार होते. ते चिन्ह उघडून पाहिले, तर त्यात प्रीफिक्सचा मार्ग अचूक लिहिलेला असतो, परंतु वाइनचे मात्र नुसते नाव असते. म्हणजे त्यावर क्लिक केले, की प्रणालीतील मुख्य, नवी वाइन चालू होते आणि आपण जपून निर्माण केलेले जुने प्रीफिक्स तत्क्षणी अद्ययावत करून टाकते. तेव्हा ते चिन्ह स्वतःच्या हाताने दुरुस्त करून त्यात जुन्या वाइनचा पूर्ण मार्ग लिहावा. दोन आवृत्त्यांची अशी गल्लत झाली, तर कधीकधी टर्मिनलमध्ये 'व्हर्जन मिसमॅच' अशी तक्रार दिसते. तिचा अर्थ असा, की पडद्यामागे चालणारा वाइनसर्व्हर एका आवृत्तीचा आहे आणि प्रोग्रॅम दुसऱ्या आवृत्तीने उघडला जात आहे. वाइनसर्व्हरला थांबण्याची आज्ञा देऊन मग योग्य आवृत्तीने पुन्हा आरंभ करावा.

हे सर्व हाताने करण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांच्यासाठी बॉटल्स, लुट्रिस आणि प्लेऑनलिनक्स ही साधने उपलब्ध आहेत. त्यांत प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र प्रीफिक्स आणि त्याला स्वतंत्र वाइन आवृत्ती नेमून देता येते. नवख्याने येथूनच प्रारंभ करावा, असे माझे मत आहे. परंतु या साधनांच्या यादीत हवा असलेला नेमका क्रमांक मिळेलच असे नाही.

अत्यंत जुन्या प्रोग्रॅमांविषयी दोन शब्द. निव्वळ ३२-बिट प्रीफिक्स हवे असेल, तर ते निर्माण करतानाच तसे सांगावे लागते, मागाहून त्यात बदल करता येत नाही. विंडोज ३.१ च्या काळातील १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर मुळीच चालत नाहीत, वाइनवर मात्र चालू शकतात. तथापि वाइन ९.० मध्ये आलेल्या, ३२-बिट लायब्रऱ्यांवाचून काम करणाऱ्या नव्या रचनेत १६-बिटची सोय नव्हती. ज्यांच्याकडे असा प्रोग्रॅम असेल, त्यांनी जुनी आवृत्ती निवडताना ती कोणत्या रचनेने बांधलेली आहे हे अवश्य पाहावे.

काही गोष्टी कोणत्याही आवृत्तीने साधणार नाहीत. मराठी लिपीची जुनी सॉफ्टवेअरे पुष्कळदा डोंगल लावल्यावाचून चालत नसत, आणि डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करणारा असल्याने वाइनमध्ये तो सहसा चालत नाही. तेथे व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात खरे विंडोज बसवून यूएसबीची जागा त्याच्या स्वाधीन करणे हाच मार्ग. वाइनमध्ये चालविलेला मराठी कळफलकही लिनक्सच्या स्वतःच्या खिडक्यांत अक्षरे उमटवू शकत नाही. टंक मात्र प्रीफिक्समधील विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरात टाकले, की जुना मजकूर वाचता येतो. वाचता येऊ लागला, की तो युनिकोडमध्ये उतरवून घेण्यात दिरंगाई करू नये.

सुरक्षेचा विचारही येथे केलाच पाहिजे. जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि वाइनमधील प्रोग्रॅमला वापरकर्त्याच्या साऱ्या फायलींपर्यंत पोचता येते. झेड ड्राइव्ह काढून टाकल्याने ही वाट पुरती बंद होत नाही. म्हणून अशा कामासाठी लिनक्सवर एक वेगळे वापरकर्ता-खाते उघडावे, वाइन कधीही रूट म्हणून चालवू नये, आणि इंटरनेटवरून आलेली अनोळखी फाइल त्या खात्यात उघडू नये.

शेवटी वाचकांना एक विनंती. कोणत्या आवृत्तीपर्यंत प्रोग्रॅम चालत होता आणि कोणत्या आवृत्तीपासून बिघडला, हे निम्मे-निम्मे करून आपण शोधून काढलेच असेल, तर ते दोन क्रमांक, आपल्या लिनक्सचे नाव आणि प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती, एवढी कैफियत वाइनच्या बगझिलामध्ये, म्हणजे दोषांच्या नोंदवहीत, अवश्य नोंदवावी. दोष कोणत्या आवृत्तीत शिरला हे ठाऊक असले, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचे अर्धे काम झालेले असते. मराठी प्रकाशकांच्या आणि छपाईवाल्यांच्या प्रोग्रॅमांविषयीची ही माहिती, ते रोज वापरणाऱ्या आपल्यासारख्यांनीच कळविली पाहिजे.